पोखर्णीच्या वाटेवर साखळी वाढली

मोगलाईत मोटार घेऊन जाऊ नकोस, असं मला बजावणाऱ्यांपैकी एकानेही मोगलाई पाहिलेली नव्हती. निजाम जाऊन बरीच वर्षं झाली, हैदराबादचं राज्य मोडलं, त्यातला मराठवाडा आपल्याच मुंबई राज्यात आला, तरी आमच्या पुण्याच्या आळीत गोदावरीपलीकडे अजून मोगलाईच चालू आहे. तिथे म्हणे रस्ते नाहीत, पेट्रोल नाही, पाणी नाही आणि बाईमाणसाने तर पाऊलच टाकू नये. मी जाऊन आले. रस्ते आहेत. पेट्रोल मिळतं. पाणी लोक जपून वापरतात. आणि बाईमाणसं अशी आहेत की आमच्या आळीने त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

निमित्त देवाचं होतं. परभणीजवळच्या पोखर्णीचा नरसिंह हे आमच्या सासरचं कुलदैवत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मला त्याचं दर्शन घडलं नव्हतं. घरात मोटार आली तेव्हाच मी ठरवलं, पहिली लांबची फेरी पोखर्णीची.

मोटारीचं जरा सांगायला हवं, कारण ही सगळी हकिगत तिचीच आहे. चार महिन्यांपूर्वी घेतलेली, फिकट हिरव्या रंगाची, नवी कोरी. घेतली माझ्या मोठ्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, एकत्र कुटुंबाच्या नावाने. ड्रायव्हर ठेवायचा त्यांचा बेत होता. तोपर्यंत मी शिकून मोकळी झाले. आमचे हे वकील आहेत, आणि चष्मा एवढा जाड की रस्त्यातली म्हैस त्यांना ती शिंग लावायला आली की दिसते. भाऊजींना शिकायची हौस नव्हती. तेव्हा घरात चालवणारी मी एकटीच उरले, आणि तेच भाऊजींच्या डोळ्यांत खुपू लागलं. घरची सून चाकामागे बसलेली त्यांना बघवेना. गाडी विकून टाकावी असं ते जेवताना, देवपूजा करताना, दाढी करताना म्हणू लागले.

त्यात गाडीने त्यांना आयतं कोलीत दिलं. सकाळी सुरू केली की इंजिनाच्या पुढच्या अंगातून खळखळ यायची, डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखी. माझं माहेर कऱ्हाडचं. वडिलांची तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी होती, त्यामुळे यंत्राच्या आवाजातला गाण्याचा भाग कोणता आणि रडण्याचा कोणता हे मला कळतं. मी गाडी एजन्सीच्या कारखान्यात नेली. तिथला फोरमन माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, "साहेब, बाई गिअर कसा टाकतात त्यावर असतं सगळं."

"आवाज गिअरचा नाही," मी म्हटलं. "समोरून येतोय. साखळीचा आहे."

तो हसला. नव्या गाडीची ती साखळी वर्षानुवर्षं जात नाही म्हणाला. शेजारीच आमच्यासारख्याच एका गाडीचं तोंड उघडून ठेवलं होतं. हे त्याच्याशी बोलत होते तेवढ्यात मी जाऊन तिचं पोट नीट बघून घेतलं. येताना जुन्या बाजारातून एक मोठा पाना विकत घेतला. भाऊजींनी विचारलं, हा कशाला? मी म्हटलं, नारळ फोडायला.

निघायच्या दिवशी ते दारात उभे राहून ह्यांना म्हणाले, "वाटेत बंद पडली तर मला तार कर, मी माणसं पाठवीन. पण ती तार म्हणजे गाडी विकायला तुझी संमती, हे लक्षात ठेव." आमचे हे कोर्टात कितीही बोलोत, थोरल्या भावापुढे त्यांचा आवाज फुटत नाही. त्यांनी मान हलवली. मी गाडी सुरू केली. खळखळ झाली. भाऊजी ऐकत राहिले.

परभणी

नगर, औरंगाबाद, जालना या रस्त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी त्यात भर घालत नाही. जिंतूर सोडल्यावर जमिनीचा रंग बदलला. काळी, भेगाळलेली, तेलकट वाटावी अशी माती, आणि दोन्ही बाजूंना कापूस. वेचणाऱ्या बायका पोटाशी ओटी बांधून ओळीने चालल्या होत्या. गाडी दिसली की एक सरळ उभी राहायची, मग दुसरी, मग सगळी ओळच. एकीने ओरडून विचारलं, "बाई हाकायलीय व?" मी हात हलवला. तिने ओटीतला कापूस हवेत उडवला. पुण्यात माझ्यासाठी कुणी साधी टाळी वाजवली नव्हती.

परभणीत डाकबंगल्यात उतरलो. गावात अर्धं बोलणं मराठी, अर्धं उर्दू, आणि दोन्ही एकाच वाक्यात. आम्ही "काळजी करू नका" म्हणतो, हे लोक "फिकीर करू नगा" म्हणतात, आणि ऐकल्यावर खरोखरच निम्मी काळजी जाते. खानसाम्याने रात्री येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी दिली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. त्याची आमटी इतकी झणझणीत की ह्यांनी दोनदा चष्मा काढून पुसला. पुण्यात आमटीत गूळ घालतात असं मी सांगितलं, तेव्हा खानसामा माझ्याकडे दयेने बघू लागला.

पोखर्णीची वाट

सकाळी लवकर निघालो. देवासाठी पुण्याहून आणलेला पेढ्यांचा पुठ्ठ्याचा डबा ह्यांच्या मांडीवर होता. निम्मी वाट झाली असेल नसेल, इंजिनातून एक ठसका आला, मग मागच्या नळीतून बंदुकीसारखा बार निघाला, गाडीने दोन हिसके दिले आणि ती उभी राहिली. हँडल मारून बघितलं. इंजिन फिरे, पण सुरू होईना.

वाचकांपैकी ज्यांनी मोटारीचं पोट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आत दोन दातेरी चाकं असतात, एक खाली, एक वर. त्या दोघांवर एक साखळी असते. खालचं चाक फिरतं आणि साखळीच्या जोरावर वरच्याला फिरवतं. वरचं चाक इंजिनाच्या झडपा उघडतं आणि मिटतं. सगळं नेमक्या वेळेवर व्हावं लागतं. साखळी एक-दोन दात जरी घसरली, तरी मृदंग एकीकडे आणि टाळ दुसरीकडे अशी गत होते. आमचं तेच झालं होतं.

हे खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि खिशातून कागद व फाउंटनपेन काढलं. मला कळलं.

"तार लिहिताय?"

"लिहून ठेवतो."

"ती पाठवलीत तर मी इथून पोखर्णीला चालत जाईन आणि तिथेच राहीन. देवळात ओवऱ्या आहेत असं तुम्हीच सांगितलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सूर्य मावळेपर्यंत थांबतो. त्यानंतर नाही." आणि कागद घडी करून खिशात ठेवला. वकिलांची ही सवय मला ठाऊक आहे, मुदत घातली की ते तिला चिकटतात. म्हणजे माझ्या हातात एक दिवस होता. त्या दिवसात गाडी चालली तर ती आमची, नाहीतर भाऊजींच्या गिऱ्हाइकाची.

शेजारच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसल्या होत्या. इकडे पीक निघालं की शेतकरी मेंढरंवाल्यांना बोलावून रानात कळप बसवून घेतात, खत होतं म्हणून. त्या कळपाची मालकीण रस्त्यावर आली. पन्नाशीची, उंच, कपाळभर कुंकू, अंगावर घोंगडं. सुंदराबाई तिचं नाव. मालक आणि थोरला लेक दुसऱ्या कळपामागे गेले होते, धाकटा नगरकडे ऊस तोडायला. इथे ती आणि सुना-जावा असं बायकांचंच राज्य होतं.

"काय झालं व बाई? गाडी बसली का?"

"साखळी तुटली असावी," मी म्हटलं.

तिने दोन्ही हात तोंडावर नेले. "आगं माय माय! तुटली म्हनू न्हाई. वाढली म्हनावं!" तिची नजर माझ्या गळ्याकडे गेली, तिथून ह्यांच्याकडे. हे बांधावर बसून पेढ्यांच्या डब्यावर हात ठेवून उन्हाकडे बघत होते. "मालक तर ह्ये काय बसल्यात की धडधाकट," ती म्हणाली, जरा निर्धास्त होऊन.

सवाष्णीची बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. आमच्याकडेही तसंच म्हणतात. पण मोटारीच्या बाबतीत हा विधिनिषेध पाळायचा असतो हे मला सुचलं नव्हतं. मी समजावायला तोंड उघडलं तोवर सुंदराबाईने हाळी दिली होती, "आगं या गं समद्या! बाईची साखळी वाढलीय, सडकंला पडली असंल!" आणि कळपाशेजारी ठोकलेल्या पालावरच्या साऱ्या बायका धावत येऊन, पदर खोचून, ओणव्या होऊन रस्त्याची माती चाळू लागल्या. आम्ही आलो त्या दिशेने ती ओळ सरकत निघाली. मी मागून ओरडतेय की अहो ती गाडीची साखळी, आणि त्या म्हणतायत, घाबरू नगा बाई, गावंल, गावंल.

तेवढ्यात परभणीकडे निघालेला एक सायकलवाला थांबला. मी त्याला म्हटलं, गावातून साखळीचं काम जाणणारा कारागीर पाठवून द्या. त्याने सुंदराबाईला विचारलं, काय झालंय. तिने सांगितलं, बाईची साखळी वाढलीय. तो मान डोलावून जोरात निघून गेला.

बायका परत आल्यावर मी सुंदराबाईला हाताला धरून बॉनेटपाशी नेलं आणि आत बोट दाखवलं.

"गाडीला बी साखळी ऱ्हाती?"

"राहते."

"मंग आमी इतका येळ माती कशाला चिवडायलोय?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हसायला लागली. तिची जाऊ म्हणाली, "सवाष्ण हाय जनू गाडी." मग त्यांनी सगळ्यांनी मिळून गाडीला कुंकू लावलं, दोन दिव्यांच्या मधोमध. मी पुसलं नाही.

मी पदर खोचला, पाना काढला आणि सुरुवात केली. रेडिएटर काढायचा म्हणजे आतलं पाणी सोडायचं. मी तोटीला हात घालताच सुंदराबाईने घागर आणून खाली धरली. "पानी टाकू नगा. मागनं लागंलच की तुमास्नी." पंखा निघाला, पट्टा निघाला. पुलीचा मोठा नट मात्र हलेना. मी पान्याला लटकले, सुंदराबाई लटकली, मग तिची जाऊ माझ्या कमरेला धरून लटकली. नट सुटला आणि आम्ही तिघी एकमेकींवर पडलो. ह्यांनी बांधावरून विचारलं, लागलं का? मी म्हटलं, सुटलं.

झाकण उघडलं. साखळी अख्खी होती. एकही कडी तुटली नव्हती. पण अशी लोंबत होती की बोटाने उचलली तर चाकावरून सहज उतरावी. साखळी ताणून धरायला आत एक पोलादी पट्टी असते, कमानीसारखी वाकवलेली. तिचे दोन तुकडे होऊन खाली पडले होते. पट्टी कच्ची निघाली, साखळी ढिली पडली, लोंबून लोंबून लांब झाली, आणि शेवटी दात चुकली. चार महिन्यांत. माझ्या गिअरचा त्यात काडीचा संबंध नव्हता. ते दोन तुकडे मी रुमालात बांधून ठेवले, आणि सांगायला हरकत नाही की पुढे एजन्सीच्या टेबलावर ते ठेवले त्या दिवशी फोरमन ह्यांच्याशी नाही, माझ्याशीच बोलला. गाडीचं बाकी काय झालं ते पुढे येईलच.

सुंदराबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"तुटली न्हाई व ही. लांब झालीय."

"वाढली," मी म्हटलं.

"मंग! मी काय म्हनले व्हते?" आणि तिने जावेकडे असं बघितलं की जणू इंजिनाच्या कामात तिची हयात गेली आहे.

आता नवी पट्टी हवी होती, आणि तीही साध्या लोखंडाची नाही, स्प्रिंगच्या पोलादाची. लोहाराची चौकशी केली, तर तो पेडगावला बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायला गेलेला. मी बसून विचार करत होते, तेवढ्यात रस्त्यावर टांगा दिसला. उतरला तो एक गोरापान, जरीची टोपी घातलेला गृहस्थ, बगलेत लाकडी पेटी, हातात छोटी शेगडी. त्याने मला वाकून रामराम केला आणि विचारलं, "साखळी कुटं हाय बाईसाहेब? किती पदराची?"

तो सोनार होता. परभणीच्या सराफ्यातला. सायकलवाल्याने निरोप अगदी बरोबर पोचवला होता: बाईची साखळी वाढली आहे, कारागीर पाठवा. तुटली म्हटलं असतं तर तो बसगाड्यांच्या मिस्त्रीकडे गेला असता. वाढली म्हटल्यावर मिस्त्रीचा संबंधच उरला नाही.

मी त्याला इंजिनाच्या आत बोट दाखवलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ह्ये काय तमाशा हाय? दुकान सोडून आलो की मी!" आणि तो टांग्याकडे वळला. टांगेवाला मात्र घोडा सोडून खाली उतरला होता आणि मेंढीच्या दुधाचा चहा पीत होता. त्याला मुळीच घाई नव्हती.

त्याच शेगडीकडे बघताना मला सुचलं. पालापाशी एक जुनी कातर पडलेली मी पाहिली होती, लोकर कातरायची. सरकारी मेंढीफार्मावरून कधीतरी आलेली विलायती घडणीची. एकच पोलादी पट्टी मधोमध वाकवलेली आणि तिच्या दोन टोकांना दोन पाती. एक पातं मोडलेलं होतं. पण ती मधली कमान दाबली की परत उसळत होती, आणि रुंदीलाही जवळजवळ माझ्या पट्टीएवढीच. मी सुंदराबाईकडे मागितली.

तिने कातर उचलून पोटाशी धरली. "अजून भाजी चिरती मी हिच्यानं. देते, पर गाडी चालली तर मला फुडं बसवून पोखर्णीला न्यायचं. ह्या समद्यांच्या देखत. न्हाई चालली, तर कातर होती तशी करून द्यायची."

"कबूल," मी म्हटलं. दुसरी अट मला पाळता आली नसती, हे तिलाही कळत होतं.

आता ती कापायची, टोकं लाल करून वाकवायची, एका टोकाला भोक पाडायचं. शेगडी, फुंकणी, छिन्नी, कानस, सगळं त्या पेटीत होतं. पण सोनार ऐकेना. "मी सोन्याचा मानूस बाईसाहेब. लोखंड लोहारानं करावं. माझ्या बापानं कधी लोखंडाला हात लावला न्हाई. पेठंत कळलं तर तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई."

"पेठंला कोन सांगतंय?" सुंदराबाई म्हणाली.

"ह्यो टांगेवाला सांगंल."

"सांगत न्हाई," टांगेवाला म्हणाला, "पर मालक, बाई दिसभर तुमची वाट बघायलीय, अन् तुमी तसंच परतलाव, ह्ये मातर समद्यास्नी सांगीन."

मला वाटतं त्या वाक्यानेच काम केलं. सोनाराने टोपी काढली, नीट घडी घालून पेटीवर ठेवली, आणि विस्तव फुलवायला घेतला. फक्त टोकं तापवा, कमान तापली तर तिचा जोर जाईल, असं मी सांगितलं. ओलं फडकं कमानीला गुंडाळून धरलं. "मला आगीचं शिकवू नगा," तो फणकारला. मग मी नुसतं फडकं ओलं करत राहिले. भोक पहिल्यांदा वाकडं पडलं आणि पट्टी आत बसेना. पुन्हा कानस. पुन्हा बसवून बघितली. ऊन कलायला लागलं होतं. हे बांधावरून उठून आमच्याजवळ येऊन उभे राहिले होते आणि खिशावर हात ठेवून अधूनमधून पश्चिमेकडे बघत होते. मला त्या हाताचा भयंकर राग आला. मी म्हटलं, "नुसते उभे आहात तर त्या पेढ्यांच्या डब्याचं झाकण द्या." इंजिनाचं झाकण परत बसवताना मधे पुठ्ठा लागतो, नाहीतर तेल गळतं. त्यांनी पेढे पळसाच्या पानावर काढून ठेवले आणि चष्मा नाकावर खाली ओढून, माझ्या खुणेवर, तो पुठ्ठा स्वतः कापून दिला. फार सुबक कापला. तोवर मला ठाऊक नव्हतं की जवळचं त्यांना एवढं चांगलं दिसतं.

दोन्ही चाकांवर कारखान्याने केलेल्या खुणा असतात. त्या समोरासमोर आणून साखळी चढवली. कातरीची कमान तिच्या पाठीला टेकवली. साखळी ताठ झाली. झाकण, पुली, पंखा, रेडिएटर. सुंदराबाईने घागरीतलं पाणी परत ओतलं, एक थेंबही कमी न करता. मी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा मारताना मी मनात नरसिंहाला जे म्हटलं ते इथे छापण्यासारखं नाही, आणि इंजिन सुरू झालं.

खळखळ नव्हती. सगळ्या मेंढ्या एकदम उठल्या. सोनाराने काळे झालेले हात बघितले आणि मोठ्याने हसला. आमच्या ह्यांनी खिशातला कागद काढला, आडवा फाडला, उभा फाडला, आणि तुकडे शेगडीत टाकले. मी रडले. का लपवू? इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसेल.

सोनाराचं नाव मी लिहीत नाही. तसा शब्द दिला आहे.

नरसिंहाच्या दारात

सुंदराबाई पुढे बसली, हे मागे. पालावरच्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. तिने उजवीकडे बघितलं नाही, डावीकडे बघितलं नाही. गावात शिरल्यावर मात्र खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओळखीच्या प्रत्येकाला नावाने हाक मारली. "ही बाई हाकती," ती सांगायची, "अन् कातर माझी हाय." कुणाला काही कळत नव्हतं. तिला त्याची पर्वा नव्हती.

देवळात गर्दी नव्हती. पुजाऱ्याने पानावरचे पेढे बघून विचारलं, डबा कुठाय? हे म्हणाले, "गाडीत बसवलाय." मी काळ्या हातांनीच नमस्कार केला. आमच्याकडे असे हात घेऊन मला देवघरात कुणी येऊ दिलं नसतं. इथे पुजाऱ्याने फक्त एवढंच म्हटलं, "ह्यो देव खांब फोडून आलेला हाय बाई, त्याला हाताचं काय?"

येलदरी

ह्यांना वाटलं, आता सरळ घर. मी म्हटलं, ज्या गाडीला मोगलाईत नेऊ नये असं सगळे म्हणत होते तिला मी नुसती देवाला दाखवून परत नेणार नाही. जिंतूरहून आत वळून येलदरीला गेलो. तिथे पूर्णा नदीवर मोठं धरण व्हायचं आहे, वीजही करणार म्हणतात. काम चालू होतं. गाढवांच्या माळा माती वाहत होत्या आणि बायका डोक्यावर पाट्या घेऊन उतारावरून वर चढत होत्या. एका कोळ्याने नदीतला मासा दाखवला, आमच्या ह्यांच्या हाताएवढा. आम्ही खात नाही म्हटल्यावर त्याने विचारलं, "मंग इतक्या लांबून आलाव कशाला?" वाळूत बसून धपाटे खाल्ले. हे म्हणाले, पुढच्या वर्षी पाणी अडलं की पुन्हा येऊ. 'येऊ' म्हणाले. मी ऐकून घेतलं.

घरी

पुण्यात शिरलो तेव्हा दुपार होती. दारात गाडी थांबवली, तर ओटीवर भाऊजींच्या शेजारी एक गृहस्थ चहा घेत बसलेले. रेशमी कोट, हातात छडी.

"हे आपली गाडी बघायला आलेत," भाऊजी म्हणाले.

"तार आली होती का?" मी विचारलं.

"आली नाही. पण येणारच होती, म्हणून मी आधीच बोलावून ठेवलं." त्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. स्वतःच घातलेली अट, आणि ती आम्ही जिंकली की हरलो हे बघायचीही त्यांना गरज भासली नव्हती. माझ्या पायापासून डोक्यापर्यंत संताप गेला. हे माझ्या मागे उभे होते.

गृहस्थांनी गाडीभोवती फेरी मारली, धुळीवरून बोट फिरवलं, दिव्यांमधलं कुंकू बघून हसले. इंजिन ऐकलं. खूष झाले. "चार महिन्यांची म्हणजे नवीच. दोष काही?"

"छे, छे," भाऊजी म्हणाले.

"आहे," मी म्हटलं, आणि बॉनेट उघडलं. "हिची साखळी चार महिन्यांत वाढली. ताणून धरणारी पट्टी कारखान्यातूनच कच्ची आली होती. परभणीच्या वाटेवर गाडी बसली. आत्ता आत आहे ती मेंढ्यांची लोकर कातरायची कातर, मोडकी. ती एका सोनाराने बसवण्याजोगी केली आणि मी बसवली. झाकणाखाली पेढ्यांच्या डब्याचा पुठ्ठा आहे. पाणी मात्र तेच आहे, एक थेंब बदललेला नाही. एवढ्यावर ती येलदरीला जाऊन इथवर आली. पुढे किती जाईल, सांगता येत नाही. पाहिजे तर घ्या."

गृहस्थांनी एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या नखांकडे बघितलं. मग छडी उचलली, भाऊजींना नमस्कार केला आणि चहा अर्धा टाकून निघून गेले.

भाऊजींचा चेहरा लालबुंद झाला होता. "आता ही गाडी कोण घेणार?" ते ओरडले.

मी तोंड उघडणार होते. पण माझ्या आधी मागून आवाज आला, कोर्टातला, मी घरात कधी न ऐकलेला.

"कोणी नाही, दादा. ती हिची आहे."

आळीतल्या दोन खिडक्या उघडल्या. मी गाडीची किल्ली घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली, जुडगा कमरेला खोचला आणि हात धुवायला आत गेले.